चिठ्ठी कुणाकडे राहिली?

2012ची दिवाळी. मी दहावीत होतो. हरसूलजवळच्या एका पाड्यावर आमचं तीन दिवसांचं युवा शिबिर होतं. भाताची कापणी उरकत आली होती आणि पाड्यावरची निम्मी घरं द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे निघायच्या तयारीत होती. शेवटच्या रात्री ब्रदरांनी आखानाची गोष्ट सांगितली. यरीहोच्या लुटीतलं सोनं, चांदी आणि एक भारी झगा त्यानं तंबूत पुरून ठेवला. त्यामुळे पुढच्या लढाईत छत्तीस माणसं मेली आणि शेवटी आखानाला मुलाबाळांसकट दगडांखाली संपवलं. गोष्ट संपली तेव्हा दिवे मंद केलेले होते. मग प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी आणि पेन मिळालं. ‘माझं लपलेलं पाप’ लिहायचं, खाली नाव घालायचं, आणि चिठ्ठी ब्रदरांच्या डब्यात टाकायची.

मी लिहिलं: बाबांच्या मजुरीतले दोनशे रुपये घेतले, बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून आणलं, आणि त्यात काय होतं तेही. रडलो. खोटं कशाला बोलू, त्या रात्री महिन्यांनंतर शांत झोप लागली.

पुढच्या रविवारी उपासनेत एका ‘तरुण भावासाठी’ प्रार्थना झाली. वडिलांच्या घामाचे पैसे आणि मोबाईलमधली घाण, असा उल्लेख होता. नाव घेतलं नाही, पण गरजही नव्हती. दहावीतली मुलं आम्ही चारच होतो, आणि त्यातल्या एकाच्याच हातात मोबाईल होता. बाबा माझ्या शेजारी बसलेले. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. नंतरही त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. मला मार चालला असता.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. लोकांची माहिती कुणाला दिसावी, किती दिवस ठेवावी, कधी पुसावी, हे ठरवणं माझ्या कामाचा भाग आहे. नाव काढलं की माहिती निनावी होत नाही, चार तपशील जुळले की माणूस सापडतो, हे आमच्याकडे नव्या पोरालाही पहिल्या महिन्यात शिकवतात. पंधरा वर्षांच्या मुलांकडून त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक माहिती सहीनिशी घेणाऱ्यांना हे कुणीच शिकवत नाही. आता तर चिठ्ठीही लागत नाही. ‘प्रार्थना-विनंती’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो आणि संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोचतो.

मी कबुलीच्या विरोधात नाही. मनात कुजत पडलेली गोष्ट बोलून टाकली की माणूस हलका होतो, हे मी स्वतः अनुभवलंय. माझा विरोध कबुली एकाच दिशेनं वाहण्याला आहे. लहानाकडून मोठ्याकडे. गरिबाकडून पगारी सेवकाकडे. ज्या वचनावर हे सगळं उभं करतात, त्या याकोबाच्या पत्रात शब्द आहे ‘एकमेकांजवळ’. इतक्या शिबिरांत एकाही ब्रदरनं आमच्याजवळ काही कबूल केल्याचं मला आठवत नाही. जक्कयाची गोष्ट मात्र आम्हाला लहानपणी गाण्यासारखी शिकवली: ठेंगणा माणूस, उंबराचं झाड. तो जकातदारांचा मुख्य होता आणि त्यानं लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली, हा भाग शेवटच्या दोन मिनिटांत उरकायचा. खरं तर शुभवर्तमानातली ही सगळ्यात नेमकी कबुली आहे. ती पैसेवाला माणूस करतो, सर्वांदेखत करतो, आणि आकड्यात करतो. मुलांच्या नावानं आलेल्या देणग्यांच्या हिशेबाची अशी कबुली तुम्ही कधी ऐकली आहे का?

इतकंच असतं, तर मी हे लिहिलं नसतं. माझी शरम जुनी झाली आहे. लिहितोय ते दुसऱ्या एका चिठ्ठीमुळे.

त्याच रात्री, त्याच डब्यात एका मुलीनं चिठ्ठी टाकली होती. गेल्या वर्षी तिनं मला ते सांगितलं आणि लिहायची परवानगीही दिली. आईबापांबरोबर ती बागेच्या कामाला गेली होती. तिथल्या एका मोठ्या माणसानं तिच्यावर जबरदस्ती केली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनं चिठ्ठीत लिहिलं: ‘माझ्याकडून व्यभिचार झाला.’ दुसऱ्या दिवशी तिला बाजूला बोलावून तिच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली आणि पुन्हा असं करू नकोस म्हणून सांगितलं. तो माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही.

ती मला म्हणाली, “त्या कागदावर दुसऱ्याचं पाप लिहायला जागाच नव्हती ना.”

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच आठवड्यात, 14 नोव्हेंबर 2012 रोजी, पॉक्सो कायदा लागू झाला होता. या कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पाद्री, ब्रदर, शिबिरप्रमुख, कुणालाही सूट नाही. आम्हाला आखान तोंडपाठ होता. या कायद्याचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा पेच जुना आहे. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं. शेकडो मुली मोठ्यानं रडत आपली पापं कबूल करू लागल्या. आमच्याकडे हा प्रसंग अभिमानानं सांगतात. पण त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या, बालविधवा, टाकलेल्या मुली होत्या. त्यांनी केलेली पापं ती किती, आणि त्यांच्यावर झालेली किती? हा प्रश्न कुणी विचारत नाही. स्वतः पंडिता रमाबाईंना मात्र दुसरी बाजू ठाऊक होती. 1887च्या पुस्तकात त्यांनी उच्चवर्णीय घरांनी झाकून ठेवलेलं बायकांचं दुःख जगापुढे मांडलं. 1897 साली पुण्यात प्लेगच्या काळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. लपलेलं पाप बाहेर काढणं म्हणतात ते हे. रमाबाईंचं नाव घेणाऱ्या आमच्या मंडळ्यांनी त्यांचा हा अर्धा भाग सोडून दिला.

लोक म्हणतील, आधीच आदिवासी ख्रिस्ती माणसावर बाहेरून वार होतायत, डीलिस्टिंगचे मोर्चे निघतायत, मग तू घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुतोस? मला ती भीती कळते. माझी आई आजही त्या भीतीत राहते. पण त्या भीतीची किंमत चौदा वर्षांच्या मुलीनं का मोजायची? बाहेरच्यांना हत्यार मिळू नये म्हणून आतलं झाकायचं असेल, तर तंबूत सोनं पुरणारा आखान आणि आपण यांत फरक काय राहिला?

आणि बाहेरच्यांचा उपायही मला मान्य नाही. 2018 साली केरळात काही ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंवर कबुलीचा वापर करून एका स्त्रीला धमकावल्याचे आरोप झाले, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी चर्चमधली कबुलीच बंद करण्याची शिफारस केली. मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस यांनी विरोध केला, तो बरोबर होता. सरकारनं कुणाच्या प्रार्थनेत शिरू नये. पण कॅथलिक चर्चमध्ये निदान नियम तरी आहे: कबुलीतली गुप्तता थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. आमच्या ब्रदरांना कुठला नियम लागू होता?

म्हणून नियम आपणच करायचे. मुलांकडून काहीही लिहून घ्यायचं नाही. ग्रुपवर टाकायचं नाही. दिवे मंद करून, भीती घालून कबुली काढायची नाही. मूल काही सांगायला आलं, तर पहिला प्रश्न एकच: हे तू केलंस, की तुझ्यावर झालं? दुसरं असेल, तर प्रार्थनेबरोबर 1098 आणि पोलीस. आणि पुढच्या शिबिरात पहिली कबुली मोठ्यांची, हिशेबाच्या वहीसकट.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय, पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातलं थोडं सोनं चोरलं. मग चिठ्ठीवर कबुली लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली.

माझंही वय तेवढंच होतं. माझ्या बाबांना चिठ्ठी मिळालीच नाही. ती डब्यात गेली, डब्यातून व्यासपीठावर गेली. त्यांच्या हातात मी ती दिली असती, तर त्यांनीही फाडली असती, असं मला अजून वाटतं. विचारायला आता ते नाहीत.