भजीवाल्या मावशींना उठवू नका



आमच्या शाळेच्या फाटकाजवळ लिंबाखाली एक मावशी भजी, उकडलेल्या शेंगा आणि आवळे घेऊन बसतात. मधल्या सुट्टीत तिथं नुसती झुंबड उडते. मागच्या पालक सभेत काहीजण म्हणाले, "पोरं आजारी पडतात, त्यांना तिथून उठवा." मला ते पटले नाही. खरं म्हणजे आजारी मीच पडलो होतो. दोन दिवस जुलाब झाले, आईनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तरीपण पटले नाही.

कारण मावशींची मुलगी आमच्याच वर्गात आहे. सभेनंतर ती चार दिवस आमच्याशी बोलली नाही. भज्यांच्या पैशातूनच तिच्या वह्या येतात.

मग मी नीट बघितले. कढईतून निघतात तेव्हा भजी चांगली असतात, कारण कडक तेलात जंतू मरतात. पण नंतर ती परातीत उघडी राहतात. उकिरडा तिथून वीस पावलांवर आहे. माश्या तिथून उठतात त्या थेट परातीवर! तो उकिरडा मावशींचा नाही, गावाचा आहे. त्याबद्दल सभेत कोणीच बोललं नाही.

दुसरा वर्तमानपत्राचा कागद. एकदा माझ्या भज्यावर उलटी अक्षरे उमटली होती. आम्ही ती वाचत बसलो आणि मग भजं खाऊन टाकलं. बाई म्हणाल्या, ती शाई पोटात जाणे वाईट. 2018 सालच्या सरकारी नियमात वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई आहे. आमच्या शिवारात पळस भरपूर आहे. रविवारी आम्ही पानं आणून देऊ. आजी द्रोण लावायला शिकवते आहे. मला अजून एकच जमला, तोही गळतो.

आणि आपले हात? गोट्या खेळून तेच हात आपण शेंगांत घालतो. खिचडीआधी बाई हात बघतात, भज्यांआधी कोण बघतं?

मावशींना उठवलं तर पोरं डांबरी सडक ओलांडून फाट्यावरच्या गाड्यावर जातील. तिथं झाकणही नाही आणि बाईही नाहीत.

ग्रामपंचायतीनं उकिरडा हलवावा. शाळेनं मावशींना नळाचं पाणी भरू द्यावं. मी त्यांना विचारलं, "जाळीचं झाकण का नाही?" त्या म्हणाल्या, "घ्यायचंय रं, दिवाळी झाल्यावर बघू." म्हणून झाकणासाठी आम्ही वर्गात पैसे जमवतोय. सतरा रुपये झालेत.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी