तेलकट मोरी

गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून उठताना माझा पाय मोरीत सटकला. नळ हाती लागला म्हणून निभावले. सासूबाईंचा असाच खुबा मोडला होता. त्या पुन्हा जिना उतरल्या नाहीत.

आपला तोल सांभाळतात डोळे, कानाच्या आतला भाग आणि पाय. पहाटेचा अंधार नि तळव्यांना तेल. मग बिचाऱ्या कानाने एकट्याने काय करावे?

तेव्हापासून दात घासताना बेसिनला हात टेकून मी एका पायावर उभी राहते. आरंभी ५ सेकंदही जमेना, आता २० होतात. 'हे' त्याला बकध्यान म्हणत. परवा पायजमा चढवताना स्वतःच कलंडले, तेव्हापासून बेसिनपाशी बगळे दोन!

यंदा मोरीत दिवा आधी, उटणे स्टुलावर बसून, आणि उठण्यापूर्वी शिकेकाईने फरशी धुवायची.