अंजिराचे नाव नको, जात विचारा



कापूस-ज्वारीत उत्पादनखर्च निघत नाही म्हटले की सल्ला ठरलेला : फळबाग लावा. त्यात आता अंजिराची भर पडली आहे. कलमे विकणारा रंगीत चित्रे घेऊन बांधावर येतो आणि 'तुर्की', 'अफगाणी' अशी नावे सांगतो. ही देशांची नावे झाली, जातीची नव्हेत. त्याला एकच विचारा : या झाडाला नर लागतो का?

अंजीर म्हणजे वड-उंबराचे भावंड. फुले फळाच्या पोटात. उंबर फोडले की केंबरे उडतात, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. अंजिराच्या स्मिर्ना गटाला असेच एक चिलट लागते. ते रानटी नर अंजिरात वाढते, पराग घेऊन मादी फळात शिरते, तेव्हाच फळ टिकते. नाहीतर सुपारीएवढे होऊन गळते. तुर्कस्तानची सुकी 'सारी लोप' याच गटातली. कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी १८८० च्या दशकात ती नेऊन लावली आणि वर्षानुवर्षे गळ पाहिली. १८९९ मध्ये ते चिलट तिथे रुजले, तेव्हा कुठे फळ हाती लागले. आपल्या उंबरातली केंबरे या कामाची नाहीत. दुकानातल्या सुक्या अंजिराचे बी पेरून रोपे करणाऱ्यांनीही ऐकावे : त्यातली निम्मी-अर्धी नर निघतात, आणि आईसारखे तर एकही निघत नाही.

नराशिवाय फळ धरणाऱ्या जाती वेगळ्या. पुरंदर तालुक्यातला पूना अंजीर त्यातलाच. साल पातळ, फिकट जांभळी-तपकिरी, गर गुलाबी. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. दौलताबाद भागातल्या अंजिरातून निवडलेला दिनकर मराठवाड्याला जवळचा. कोनाड्रिया, डियाना, ब्राऊन टर्की यांनाही नर लागत नाही. (शेवटच्या नावात 'टर्की' असूनही!) पानावरून जात ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, एकाच झाडावर तीन बोटांचे आणि पाच बोटांचे पान सापडते. फळावर असलेले मातृवृक्ष पाहा, फळ कापून पाहा, त्याच झाडाची फाटे कलमे घ्या.

माझे मत विचाराल तर कोरडवाहूवाल्याने आधी विहीर पाहावी, मग जात. पावसाळी खट्टा बहार आंबट निघतो, दमट हवेत तांबेरा पाने झाडतो. पैसा आहे तो उन्हाळी मीठा बहारात, आणि त्याला ऐन उन्हाळ्यात पाणी लागते. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवत असेल तर एकरभर लावू नका. उरलेल्या पाण्यावर जगतील तेवढीच झाडे लावा. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या रानात तर नकोच. खाली चुनखडीचा मुरूम असलेली मध्यम जमीन बरी.

दुसरे, बाजार. अंजीर तोडल्यावर पिकत नाही आणि पिकलेले एक-दोन दिवसांवर टिकत नाही. पुरंदरला पुण्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. तुमच्या गावाहून माल रातोरात कुठे पोचतो, हे लागवडीआधी मोजा. 'वाळवून विकू' हे उत्तर सोपे वाटते. पण वाळवायला गोडी भरपूर असलेले फळ लागते.

कलमे घेताना पावतीवर जातीचे नाव आणि 'नर लागत नाही' हे शब्द लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ज्यांनी अशी कलमे आधीच लावली आहेत आणि फळे गळत आहेत, त्यांनी पावती, एक फांदी आणि गळालेली फळे घेऊन जिल्हा बैठकीला यावे.