स्वर्गातील जागा आणि शिवारातील शेत



गेल्या उन्हाळ्यात देवळी तालुक्यातील एक बौद्ध भगिनी माझ्या कचेरीत आली. तिच्या नवऱ्याने कापसावर फवारायचे औषध पिऊन दोन वर्षांपूर्वी प्राण दिला. कर्ज बँकेचे नव्हते, विनापरवाना सावकाराचे होते. म्हणून शासनाकडून मिळावयाची एक लाख रुपयांची मदत 'अपात्र' या एका शब्दाने नाकारली गेली. दोन एकर शेताचे खरेदीखत सावकाराने मयताकडून आधीच करून घेतले होते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 या कायद्याप्रमाणे अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मागता येते. तसा अर्ज मी जिल्हा उपनिबंधकांकडे तिच्या वतीने दाखल केला होता. दोन तारखांना ती आली नाही. तिसऱ्या तारखेपूर्वी आली ती अर्ज मागे घ्यावयास.

कारण विचारले तेव्हा कळले की, एक धर्मोपदेशक तीन महिने तिच्या अंगणात येऊन बसत असे. प्रभूवर विश्वास ठेवशील तर तुला अनंत जीवन मिळेल, तेथे अश्रू नाहीत, कर्ज नाही, तेथे तुझी-त्याची भेट होईल, असे तो सांगे. त्या बाईने मला इतकेच विचारले, "वकीलसाहेब, थे मले खरंच भेटन का जी? भेटन तं मंग या वावराचं काय करू?"

या प्रश्नाला हसणारा माणूस मी माणूस मानीत नाही. त्याचे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि ते आज मी आपल्यासमोर मांडीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ख्रिस्ती समाजाशी आपले वैर नाही. ज्या काळी आपल्या मुलाला शाळेच्या ओसरीवर चढू दिले जात नव्हते, त्या काळी मिशनने शाळा काढल्या. नागपुरात 1883 साली सुरू झालेले हिस्लॉप कॉलेज त्याच परंपरेतील आहे. सवर्ण डॉक्टर आपली नाडी पाहण्यास कचरत होता तेव्हा मिशनच्या दवाखान्याने दार उघडले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तसेच, वाचून, विचार करून कोणी धर्म बदलला तर तो त्याचा अधिकार आहे. कविवर्य नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या शोधाअंती. आपण स्वतः धर्मांतरित आहोत. दुसऱ्याच्या धर्मांतरावर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझा वाद माणसाशी नाही, वचनाशी आहे. आणि ते वचन दुःखाने खचलेल्या बाईला ज्या वेळी दिले गेले, त्या वेळेशी आहे.

मी वकील आहे. कोणतेही वचन समोर आले की मी तीन प्रश्न विचारतो. पुरावा काय? अट काय? आणि बदल्यात घेणार काय?

पुरावा पाहू. न्यायालयात जो एखादी गोष्ट आहे असे म्हणतो, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगावे. "मला अमक्याने सांगितले" असे म्हणताच न्यायाधीश त्याला थांबवितात. दोन एकर शेतासाठी आपण हा नियम पाळतो. मग साऱ्या आयुष्याच्या सौद्यासाठी तो का सोडावा? संत पौलानेच करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात मान्य केले आहे की, मेलेले उठत नसतील तर आपला सारा उपदेश आणि विश्वास व्यर्थ आहे. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो; परंतु म्हणूनच त्या एका गोष्टीचा पुरावा मागणे हा उद्धटपणा ठरत नाही.

भगवान बुद्धांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला. तेविज्ज सुत्तात दोन ब्राह्मण तरुण वाद घेऊन येतात की, ब्रह्मलोकी जाण्याचा खरा मार्ग कोणता. भगवंत विचारतात, तुमच्यापैकी कोणी ब्रह्मा पाहिला आहे काय? तुमच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? उत्तर प्रत्येक वेळी नकाराचे येते. तेव्हा भगवंत म्हणतात की, जो महाल कोठे आहे हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी चव्हाट्यावर जिना बांधणाऱ्यासारखी ही गोष्ट झाली. तो प्रश्न ब्राह्मणाला विचारावयाचा आणि पाद्र्याला नाही, असे कोठे आहे?

आता अट पाहू. शुभवर्तमानाची अट सदाचाराची नाही, विश्वासाची आहे. पुत्रावर जो विश्वास ठेवील त्याला अनंत जीवन. मग ज्यांनी हे नावच ऐकले नाही त्यांचे काय? तुमचा पणजोबा, ज्याने गावाची मेलेली ढोरे ओढली, पाटलाच्या दारी जोहार घातला आणि एक दिवसही सुखाची भाकरी न खाता जो मेला, तो कोठे आहे? हा प्रश्न ख्रिस्ती विद्वानांनाही टोचला. 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले की, ज्याला स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान कळले नाही, पण जो सद्भावाने चालतो, त्यालाही तारण मिळू शकते. ही उदारता मी नोंदवितो. पण ज्याला सर्व काही कळले होते त्याचे काय? परमपूज्य बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यास घोषणा केल्यानंतर ख्रिस्ती, मुसलमान, शीख या सर्व धर्मांचे लोक त्यांच्याकडे आले. त्यांनी ख्रिस्ती धर्म अभ्यासला, तोलला आणि समजून-उमजून तो घेतला नाही. एकवीस वर्षे विचार करून 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपुरास बुद्धाला शरण जाणे पसंत केले. विश्वासाची अट शब्दशः पाळली तर या महामानवाला त्या दारातून आत घेता येत नाही. आणि ती शिथिल करून त्यांना आत घ्यावयाचे असेल, तर त्या विधवा बाईला बाप्तिस्म्याची काय गरज उरते? या दोहोंपैकी एक उत्तर उपदेशकाने निवडावे.

आपल्या वर्धा शहरातच याचा एक धडा आहे. 1928 साली जमनालाल बजाजांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्या काळी ती धाडसाची गोष्ट होती. तरीही अठ्ठावीस वर्षांनी या जिल्ह्यातील आपले वाडवडील नागपूरच्या वाटेला लागले ते का? कारण दार उघडणारा दुसराच असला की, ते बंद करण्याचा अधिकारही त्याच्याच हाती राहतो. देवळाच्या दाराला जे लागू, ते स्वर्गाच्या दारालाही लागू. म्हणूनच बाबासाहेबांनी लिहून ठेवले की, बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हणविले नाही, तो केवळ मार्गदाता राहिला. चालावयाचे आपल्याला आहे, आणि म्हणून आपल्याला कोणी बाहेर काढू शकत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बदल्यात काय घेतले गेले? पैसा नव्हे. त्या बाईची तारीख घेतली गेली. ज्याला अनंतकाळाची जागा मिळाली, त्याला दोन एकर शेत क्षुल्लक वाटू लागते. सावकाराला याहून सोयीचा उपदेश कोणता? कोणताही दावा न लढविता त्याच्या नावावर सातबारा राहिला असता. उपदेशकाचा हेतू तसा नव्हता हे मी मानतो. परिणाम मात्र तोच होता, आणि न्यायालय परिणामही पाहते.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर जे लिखाण केले, ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात 1989 साली प्रसिद्ध केले. त्यातील त्यांचा आक्षेप हाच आहे. अस्पृश्याला शिकविले जाते की, तुझे पतन तुझ्या पापामुळे झाले; त्याला छळणारी समाजव्यवस्था बाजूलाच राहते. जो आपल्या दुःखाचे मूळ आपल्याच जन्मजात पापात शोधतो, तो व्यवस्थेविरुद्ध उभा कसा राहील? ब्राह्मणाने सांगितले, गेल्या जन्मीचे पाप. पाद्र्याने सांगितले, आदिपुरुषाचे पाप. आपण मात्र दोन्ही वेळा आरोपीच!

कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोकांनीही अन्यायाविरुद्ध लढे दिले. खरे आहे. मार्टिन ल्यूथर किंग हे धर्मोपदेशकच होते. पण मॉन्टगोमेरीच्या निग्रो बांधवांनी 1955 साली बसवर बहिष्कार टाकला, तो बसमधील जागेसाठी; स्वर्गातील जागेवर त्यांनी समाधान मानले नाही. पृथ्वीवरचा हक्क पृथ्वीवरच मागितला, म्हणून तो मिळाला. त्यांच्याकडून आपण हेच शिकावे.

आणखी एक गोष्ट त्या बाईला कोणी सांगितली नव्हती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 साली त्यात शीख आले आणि 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती त्यात नाहीत. चर्मकाराचे काम करणाऱ्या एका ख्रिस्ती गृहस्थाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तीही 1985 साली नाकारली गेली. म्हणजे बाप्तिस्म्याबरोबर तिच्या मुलीची शिष्यवृत्ती आणि पुढील राखीव जागा यांवर पाणी सोडावे लागले असते. हा नियम मला न्याय्य वाटत नाही. सद्सद्विवेकबुद्धीवर राज्याने दंड बसवू नये, आणि चौतीस वर्षे तो दंड आपणही भरला आहे. पण नियम आहे तोवर तो आधी सांगणे हे सज्जनाचे कर्तव्य आहे. स्वर्गाचा नकाशा दाखवावयाचा आणि पृथ्वीवरील नुकसान झाकावयाचे, याला व्यवहारात काय म्हणतात ते मी सांगावयास नको.

मग अशा उपदेशाला कायद्याने बंदी घालावी काय? काही तरुण मला तसे विचारतात. माझे उत्तर स्वच्छ नकाराचे आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने 1968 साली कायदा केला, त्यात दैवी अवकृपेची भीती दाखविणेही 'बळ' ठरविले होते. वाचावयास बरे वाटते. पण असे कायदे एकाच दारी थांबत नाहीत. 2024 साली गुजरात सरकारने परिपत्रक काढून बजावले की, हिंदूने बौद्ध होण्यासही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. आज पाद्र्याच्या प्रार्थनेत शिरलेला शिपाई उद्या आपल्या दीक्षामंडपात उभा राहील. विचाराला विचारानेच उत्तर द्यावे. ज्यांच्याजवळ उत्तर नसते ते पोलीस बोलावतात. आपल्याजवळ उत्तर आहे.

ते उत्तर कोणते? किसा गोतमी मेलेले बाळ कडेवर घेऊन भगवंतांकडे आली. बाळ तुला पलीकडे भेटेल, असे त्यांनी सांगितले असते तर ती समाधानाने गेली असती, आणि तिला तपासून पाहता आले नसते. भगवंतांनी तिला मोहरी आणावयास सांगितले, पण जेथे कोणी मेलेले नाही अशा घरातून. ती दारोदार फिरली. मोहरी प्रत्येक घरी होती. मृत्यू नाही असे घर नव्हते. तिला तेव्हा कळले की आपण एकट्या नाही. ज्या गावात आपण एकट्या रडतो असे तिला वाटत होते, त्या गावात ती माणसांत परत आली. हे सांत्वन खोटे ठरू शकत नाही, कारण त्यात खोटे वचनच नाही.

पाली ग्रंथांत देवलोकाचा उल्लेख आहे हे मी लपवीत नाही. पण तेथील देवही मरतात. अनित्यतेतून कोणताही लोक सुटलेला नाही. शाश्वत आत्मा आणि शाश्वत स्वर्ग यांना बुद्धधम्मात जागा नाही. मेलेल्या माणसाचे जे मागे राहते ते त्याचे कर्म, त्याने घडविलेली माणसे आणि त्याने अर्धवट सोडलेले काम.

आता कटू बोलतो, ते आपल्यालाच. तो उपदेशक तीन महिने त्या अंगणात बसला. आपण किती दिवस बसलो? जयंतीच्या वर्गणीसाठी आपण तिच्या दारी गेलो, जलदानविधीला जेवलो, आणि परतलो. निमंत्रणपत्रिकेवर मयताच्या नावापुढे 'स्वर्गवासी' छापणारेही आपणच. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान सोडले, पण शब्दांतून स्वर्ग सोडला नाही. मग आपल्याच घरात ठेवलेल्या रिकाम्या खोलीत दुसरा येऊन राहिला, तर तक्रार कोणाविरुद्ध?

म्हणून माझी मागणी आपल्याकडे आहे. गावात मृत्यू झाला की विहारातील दोन भगिनींनी निदान तीन महिने दर आठवड्याला त्या घरी जावे. लिहिता-वाचता येणाऱ्या एका तरुणाने वारसाचा फेरफार, मदतीचा अर्ज, मुलांचे जातीचे दाखले ही कागदपत्रे पुरी करून द्यावीत. तारखेला त्या बाईबरोबर कोणीतरी न्यायालयात यावे. आणि पत्रिकेवरील तो एक शब्द पुसावा.

त्या भगिनीला मी काय सांगितले? मी म्हटले, "ताई, तो भेटेल असे मी सांगू शकत नाही, मला ते ठाऊक नाही, आणि ज्याने सांगितले त्यालाही ठाऊक नाही. पण ज्या शेतासाठी त्याने जीव दिला, ते शेत कोठे आहे हे मला ठाऊक आहे. त्याचा गट नंबर माझ्याजवळ आहे." ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने अर्ज मागे घेण्याचा कागद माझ्या टेबलावरून उचलला आणि घडी करून ओट्यात टाकला.

पुढच्या तारखेला ती आली. बरोबर तिची मुलगी होती. आपल्यापैकी मात्र कोणीही नव्हते.

जय भीम.