खर्चाला आरसा हवा
सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये काही तरुण अभियंत्यांना मी विचारले, ‘गेल्या महिन्यात किती खर्च झाला?’ कर्जाचे हप्ते प्रत्येकाला तोंडपाठ होते. कॅब, चहा, घरपोच जेवण यांची बेरीज कोणालाच सांगता आली नाही. पाकीट हलके होताना जाणवत असे. यूपीआयने ती टोचणी नाहीशी केली.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये वैयक्तिक कर्जांसारख्या असुरक्षित ग्राहककर्जांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला. बँकांना त्यासाठी अधिक भांडवल राखणे भाग पडले. हा लगाम कर्ज देणाऱ्याला होता. खर्च करणाऱ्याला आरसा हवा. प्रत्येक खातेदारास दरमहा वर्गवार खर्चाचा गोषवारा त्याच्या भाषेत देणे बँकांवर बंधनकारक करावे. काटकसरीचा नुसता उपदेश व्यर्थ आहे. हिशेब डोळ्यांसमोर असेल, तरच संयमाला आधार मिळेल.