वेरूळचे पाषाणातील शास्त्रदान

सांस्कृतिक केंद्र म्हटले की महानगरातील सभागृह, कलादालन वा ग्रंथालय डोळ्यांसमोर येते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, वेरूळच्या डोंगरात, असे केंद्र हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहे. तेथील ३४ लेणी बौद्ध, हिंदू व जैन अशा तिन्ही परंपरांची असून, क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी होत.

बहुसंख्य यात्रेकरू कैलास लेणे पाहूनच परततात. जैन लेणी तेथून उत्तरेस बऱ्याच अंतरावर असल्याने राहून जातात. बत्तिसाव्या लेण्यास ‘इंद्रसभा’ म्हणतात. परंतु तेथील गजारूढ मूर्ती इंद्राची नसून यक्षाची आहे. तिच्यासमोर आम्रवृक्षाखाली सिंहारूढ अंबिका विराजमान आहे. हा भेद मुलांना कोणी सांगावा?

डोंगरावरील भगवान पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या आसनावर शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा लेख असून त्यात मूर्ती करविणाऱ्या चक्रेश्वराचे नाव आहे. त्याच्या धनाचा हिशेब उरला नाही. दान मात्र उरले.

चतुर्विध दानांत शास्त्रदानाचे स्थान मोठे आहे. मंदिराच्या फलकावर आपले नाव कोरविणे सोपे. पूर्वजांनी कोरलेले वाचावयास मुलांना शिकविणे अधिक कष्टाचे, म्हणूनच अधिक मोलाचे. तेव्हा एक दिवस पेढी बंद ठेवून सहकुटुंब वेरूळला जावे. मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानी असावे. घरातील एकाने आधी थोडे वाचून ठेवावे आणि प्रारंभ बत्तिसाव्या लेण्यापासून करावा.