हाडांचा ठणका सोसायचा कशासाठी?

कॅन्सर हाताबाहेर गेला की डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या." पेशंट देवबागला, आचऱ्याला आपल्या वाडीत परत येतो आणि घरच्यांची खरी परीक्षा तिथून सुरू होते. स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा कॅन्सर पुष्कळदा हाडांत उतरतो. रात्री ठणका वाढतो, कूस बदलवत नाही. "भोग आहेत, सोसायलाच हवेत," असे आपण म्हणतो. वाचकहो, ही समजूत सोडा. रोग बरा होत नसला तरी ठणका बहुतेकांचा आटोक्यात आणता येतो.

साध्या गोळ्या पुऱ्या पडेनात तर मॉर्फिन आहे. ते अफूपासून बनते. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात. पीक आपल्या देशातले, गोळीही स्वस्त, पण खेड्यातल्या रुग्णापर्यंत ती क्वचितच पोचते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने नाना परवान्यांची कटकट मागे लावली आणि दवाखान्यांनी हे औषध ठेवणेच टाळले. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता घेऊन मॉर्फिन ठेवता येते. म्हणजे अडचण राहिली ती मुख्यतः भीतीची आणि अनास्थेची. दुखण्यासाठी डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मॉर्फिनने सहसा व्यसन लागत नाही, आयुष्यही तुटत नाही. पोट मात्र घट्ट होते, म्हणून सोबत जुलाबाचे औषध लागते.

दुसरा उपाय किरणोपचाराचा, म्हणजे रेडिएशनचा. हाडाच्या दुखण्यावर अनेकदा एकच बैठक पुरते. त्यासाठी घाट चढून कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते, पण महिनाभर मुक्काम टाकावा लागेल या धास्तीने जाणे टाळू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, तेही विचारा.

घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. हाड पोखरलेले असते, तेव्हा हाडवैद्याकडून जोराने चोळून घेऊ नये. आणि पाठदुखीसोबत पायातले बळ अचानक गेले किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो. उद्यावर न टाकता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आशाताईंकडून गावातल्या अशा रुग्णांची माहिती घ्यावी. "मॉर्फिन जवळात जवळ कुठे मिळते?" हा प्रश्न ग्रामसभेत ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारावा. मागणीच गेली नाही, तर औषध येणार कुठून?